लाल डोळ्याचे अर्थकारण

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून डोळे येण्याची साथ कोठे ना कोठे डोके वर काढते. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरातील शाळांतून अशी साथ पसरू लागली आणि पाहता पाहता तिने राज्यातील अनेक जिल्हे व्यापले. रुग्णांची नोंद लाखांच्या घरात गेली. त्या काही आठवड्यांत काळे चष्मे आणि थेंबांच्या बाटल्या घरोघर दिसू लागल्या. पावसाळा सरला, साथ ओसरली आणि तिचा विषयही संपला. परंतु या साथीच्या निमित्ताने एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो राहून गेला. डोळा लाल झाला असता आपला समाज पैसा, वेळ आणि काळजी कोठे खर्च करतो, आणि वस्तुतः हा खर्च कोठे व्हावयास हवा? हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसत असला तरी त्याचा निम्मा भाग अर्थशास्त्राचा आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने प्रस्तुत लेखक त्याचा विचार करू इच्छितो.

एक लक्षण, अनेक रोग

डोळा लाल होणे हे लक्षण आहे. तो स्वतंत्र रोग नव्हे. तापाने फणफणलेल्या माणसाला हिवताप असेल, विषमज्वर असेल किंवा साधे पडसे असेल, हे आपण सहज मान्य करतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र सर्व प्रकारच्या लालीला 'डोळे आले' हे एकच नाव देऊन आपण मोकळे होतो. या नावाखाली सहा-सात निरनिराळ्या अवस्था एकत्र नांदत असतात आणि त्यांचे परिणाम परस्परांहून अगदी भिन्न असतात.

त्यांतील पहिला गट बहुधा निरुपद्रवी असतो. पापणीच्या कडेच्या ग्रंथीत जंतूंचा शिरकाव झाला की रांजणवाडी येते. बोट तळहातावर घासून तिला शेक देण्याचा घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यातील शेकाचे तत्त्व बरोबर आहे. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून दिवसातून तीन-चार वेळा शेकले की बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत फुटून वा जिरून जातात. पापण्यांच्या कडांवर खपल्या धरणारा दाह अधिक चिवट असतो व वारंवार उलटतो. पण नियमित स्वच्छतेने तोही आटोक्यात राहतो. खऱ्या अर्थाने ज्याला डोळे येणे म्हणावे, तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आणि पापण्यांच्या आतील पातळ अस्तराचा दाह होय. साथीत तो बहुतकरून विषाणूंमुळे होतो आणि एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. प्रतिजैविके विषाणूंवर मुळीच चालत नाहीत. घट्ट पू येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जीवाणूंचा संसर्ग असण्याचा संभव अधिक; तेथे प्रतिजैविक थेंबांनी आजाराचे दिवस थोडे कमी होतात. डोळ्याला नुसती खाज सुटत असेल तर ती बहुधा धुळीची वा परागकणांची ॲलर्जी असते आणि ती एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

या साथींचा इतिहासही जुना आहे. डोळ्यात रक्त उतरल्यासारखे दिसणाऱ्या प्रकाराची साथ १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम ओळखली गेली. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी तिला 'अपोलो' हे नाव दिले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे कलकत्त्याकडे येत असता तीच व्याधी तेथे पसरली आणि बंगाली जनतेने तिचे 'जय बांगला' असे बारसे केले. नावे गमतीची, रोग त्रासदायक. पण त्याने दृष्टी जाण्याचे प्रसंग विरळाच.

दुसरा गट मात्र सर्वस्वी वेगळा आहे. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्यावर ओरखडा उठून जंतू वा बुरशी शिरली की व्रण होतो, आणि तो बरा झाला तरी मागे पांढरा डाग ठेवून जातो. यालाच लोक 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतात. नागिणीच्या वर्गातील विषाणूही पारपटलावर झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. डोळ्याच्या आतील रंगीत पडद्याचा दाह कधी क्षयरोगाशी, तर कधी सांध्यांच्या विकाराशी निगडित असतो. काचबिंदूचा तीव्र झटका आला की डोळा लाल होतो, डोके असह्य दुखते, उलट्या होतात आणि काही तासांत दृष्टीची कायमची हानी होऊ शकते. नवजात अर्भकाच्या डोळ्यांतून येणारा पू हाही याच गटात मोडतो. कार्ल क्रेडे या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने १८८० च्या सुमारास लाइपझिग येथे जन्मतःच अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास प्रारंभ केला, आणि दहा टक्क्यांच्या आसपास असलेले या विकाराचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. त्यापूर्वी युरोपातील अंधशाळांतून अशी असंख्य मुले भरलेली असत.

या दोन गटांतील फरक ओळखण्यासाठी सामान्य माणसाने नेत्रतज्ज्ञ होण्याची गरज नाही. डोळ्यात टोचल्यासारखे न होता खोलवर दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दृष्टी अंधुक झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, डोळ्याला मार लागला असेल वा काही लागून गेले असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल किंवा रुग्ण महिन्याभराच्या आतील अर्भक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. यांपैकी काहीच नसेल तर बहुधा धीर आणि स्वच्छता पुरेशी असते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे विशेष ध्यानात ठेवावे की लेन्स डोळ्यात ठेवून झोपणे किंवा ती नळाच्या पाण्याने धुणे म्हणजे पारपटलाच्या व्रणाला आमंत्रण देणे होय.

खर्चाची उलटी विभागणी

आता आपला प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. जो विकार आपोआप बरा होतो त्यासाठी घरातील प्रत्येकाकरिता एकेक बाटली येते; शेजारी सांगेल ते थेंब, दुकानदार देईल तो मलम, वर गुलाबपाणी, मध किंवा सुरमा. सुरम्यात पुष्कळदा शिशाचा अंश असतो, आणि घरचे गुलाबपाणी निर्जंतुक नसते. काळा चष्माही 'दुसऱ्याला लागू नये' म्हणून घेतला जातो. वस्तुतः तो घालणाऱ्याला उजेडाचा त्रास कमी व्हावा एवढाच त्याचा उपयोग. साथ नजरेतून पसरत नाही. ती हात, टॉवेल, उशी, दाराची कडी यांमार्फत पसरते. साबण आणि वेगळा टॉवेल यांनी जे साधते ते बाटल्यांच्या राशीने साधत नाही.

याउलट जेथे एकेक तास मोलाचा असतो, तेथे आपण थांबतो. शेतात डोळ्याला पात लागली तर पदराचा बोळा करून फुंकरीने ऊब दिली जाते, दूध पिळले जाते, 'उद्यापर्यंत बघू' असे म्हटले जाते. मग दुकानातून थेंब येतात, मग गावातील डॉक्टर, मग तालुका. नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचेतो आठवडा उलटून गेलेला असतो. म्हणजे निरुपद्रवी विकारावर पैसा आणि घातक विकारावर विलंब, अशी ही विभागणी आहे. साधनसामग्री मर्यादित असता ती जेथे अधिक फल देते तेथे वापरावी, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. त्याच्या नेमके विरुद्ध आपण वागतो.

हे अज्ञानामुळे घडते असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेची बाजारपेठ ही धान्याच्या वा कापडाच्या बाजारपेठेसारखी नसते. येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि वस्तू वापरून पाहिल्यावरही ती चांगली होती की वाईट हे त्याला कळेलच असे नाही. लाल डोळ्याइतके याचे उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. विषाणूंमुळे आलेला डोळा कोणत्याही थेंबांनी, किंबहुना थेंबांवाचूनही, आठ-दहा दिवसांत निवळतो. श्रेय मात्र त्या बाटलीला मिळते आणि पुढच्या वर्षी तीच बाटली पुन्हा मागितली जाते.

स्टेरॉइडयुक्त थेंबांच्या बाबतीत ही फसगत अधिकच गंभीर आहे. हे थेंब दाह दाबून टाकतात, त्यामुळे लाली एक-दोन दिवसांतच ओसरू लागते. ग्राहक संतुष्ट होतो, दुकानदाराची प्रतिष्ठा वाढते. पण आत नागिणीच्या वर्गातील विषाणू वा बुरशी असेल तर तिला मोकळे रान मिळते. महिनोन्‌महिने वापरल्यास या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. याचे सर्वांत करुण बळी म्हणजे उन्हाळा आला की डोळे चोळत बसणारी शाळकरी मुले, त्यांतही मुलगे. त्यांच्या ॲलर्जीला हे थेंब तात्काळ गुण देतात, म्हणून एकदा लिहून दिलेली चिठ्ठी आई-वडील वर्षानुवर्षे दुकानात दाखवीत राहतात. खाज थांबलेली असते आणि डोळ्यामागील नस कोणाला न कळता सुकत असते. नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हेच औषध अनेक विकारांत उपकारक ठरते, हे येथे नमूद केले पाहिजे. असे थेंब चिठ्ठीवाचून विकू नयेत हा नियम आहे. प्रत्यक्षात तो किती पाळला जातो हे प्रत्येक वाचक आपल्या कोपऱ्यावरील दुकानात पाहू शकतो.

तथापि सर्व दोष दुकानदारावर ढकलणे न्याय्य होणार नाही. डॉक्टरची फी, जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेला रोज यांची बेरीज एका बाजूस, आणि दुकानातील बाटली दुसऱ्या बाजूस, असा हिशेब रोजंदारीवरील माणूस करतो. त्याच्या दृष्टीने तो हिशेब चुकीचा नाही. चूक आहे ती त्याच्यापुढे एवढेच दोन पर्याय ठेवणाऱ्या व्यवस्थेची.

ऊसतोडणीचा फड आणि पारपटल

हा हिशेब सर्वांत क्रूर होतो तो उसाच्या फडात. बीड, अहिल्यानगर आदी दुष्काळी भागांतून लाखो मजूर दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, मजुरी टनावर ठरते आणि एक दिवस काम चुकले तर 'खाडा' म्हणून दंड कापला जातो. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. ते डोळ्यावरून फिरले की पारपटलावर ओरखडा उठतो, आणि पानावरील बुरशी त्या ओरखड्यात शिरते. कोकणात भाताची कापणी-मळणी चालू असता तूस वा लोंबी उडून हेच घडते. अशा वेळी फड सोडून शहरातील नेत्रतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे दोघांचा रोज बुडविणे आणि वर दंड भरणे. मजूर साहजिकच थांबतो.

बुरशीजन्य व्रणाला त्याचे थांबणे मानवत नाही. हा व्रण सावकाश वाढतो, प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि स्टेरॉइडने भडकतो. बुरशीनाशक थेंब प्रारंभी तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. येथे एक बाब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उद्बोधक वाटेल. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाटामायसीन हे जुने औषध व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरले. म्हणजे उणीव आहे ती नव्या संशोधनाची नसून जुने औषध वेळेवर पोहोचण्याची.

आकडेही हेच सांगतात. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांत मोतीबिंदू हे अंधत्वाचे प्रमुख कारण आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र पहिला क्रमांक पारपटलावरील डागांचा लागला. त्यांचा वाटा ३७.५ टक्के भरला. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत येते. पारपटलाचा डाग घालविण्यासाठी दुसऱ्याचे नेत्रदान लागते, आणि ते मिळाले तरी रोपण टिकेलच अशी हमी नसते. शिवाय पन्नाशीच्या आतील माणूस हा कमावता असतो किंवा त्याचे कमावण्याचे दिवस पुढे असतात. मोतीबिंदूच्या शिबिरांना आपण जे महत्त्व दिले ते योग्यच होते. पण त्याच्या तुलनेत या दुसऱ्या कारणाकडे सार्वजनिक खर्चाचे लक्ष फारच कमी गेले.

यावर उपाय नाही असे नव्हे. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावातील स्वयंसेवकांनी ओरखडा उठलेल्या डोळ्यात तीन दिवस साधा क्लोरँफेनिकॉल मलम घालण्याचा प्रयोग केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जे रुग्ण अठरा तासांच्या आत आले त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. जसजसा उशीर झाला तसतसे व्रणाचे प्रमाण वाढत गेले. पुढे नेपाळमध्येच झालेल्या अधिक मोठ्या प्रयोगात, स्वयंसेवक नेमलेल्या आणि न नेमलेल्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गावात मलम असणे आणि जखमी माणसाने तो घेण्यास वेळेवर येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडावयाची तर खाड्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही.

खुपऱ्यांचा धडा

सार्वजनिक प्रयत्नांनी काय साध्य होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. खुपऱ्या हा एके काळी उत्तर व पश्चिम भारतातील मुलांचा नित्याचा रोग होता. पापण्यांच्या आत दाणे उठत, वारंवार संसर्ग होऊन पापणी आत वळे आणि केस पारपटलावर घासून माणूस आंधळा होई. १९७१ मध्ये देशातील अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपऱ्यांमुळे असल्याची नोंद होती. १९६३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९७६ मध्ये तो अंधत्व निवारणाच्या व्यापक कार्यक्रमात समाविष्ट झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या कामात औषधाचा वाटा होताच. पण पाणी, मुलांचे स्वच्छ चेहरे, माश्यांना आळा घालणारी स्वच्छता आणि संडास यांचा वाटाही तेवढाच मोठा होता. या वस्तू कोणी दुकानातून बाटलीने विकत घेऊ शकत नाही. त्या सर्वांना मिळाव्या लागतात, तेव्हाच कोणा एकालाही त्यांचा लाभ होतो.

रजा कोणाला परवडते?

साथीच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. डोळे आलेला माणूस घरी राहिला तर त्याचे नुकसान होते आणि लाभ इतरांचा होतो. तो कामावर गेला तर त्याचा लाभ आणि नुकसान इतरांचे. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात, आणि केवळ उपदेशाने त्यांचे निराकरण होत नाही. ज्या कारकुनाची किरकोळ रजा संपली आहे, ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, ज्या तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तास घेतला तरच मानधन मिळते, त्याला आपण 'घरी बसा' म्हणून सांगतो आणि घरी बसण्याची किंमत मात्र त्याच्याच खिशातून वसूल करतो. मग रुमालाने डोळा झाकून तो वर्गात वा कचेरीत येतो, आणि आठवड्याने निम्म्या वर्गाचे डोळे लाल होतात.

तेव्हा करावयाच्या गोष्टी चार आहेत आणि त्यांतील एकही फार खर्चिक नाही. पहिली, साथीच्या काळात डोळे आलेल्या विद्यार्थ्याची गैरहजेरी उपस्थितीच्या हिशेबात धरू नये आणि कर्मचाऱ्यालाही काही दिवसांची विशेष रजा मिळावी. शाळेत नळाजवळ साबण असावा, हे तर सांगावयासही नको. दुसरी, स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून न विकण्याच्या नियमाची खरीखुरी अंमलबजावणी व्हावी आणि जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा देणे बंद व्हावे. तिसरी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लुओरेसीनच्या कागदी पट्ट्या आणि निळ्या प्रकाशाची विजेरी असावी. पट्टीचा रंग डोळ्यात उतरला की निळ्या प्रकाशात पारपटलावरील ओरखडा हिरवा चमकतो आणि साध्या लालीपासून घातक लाली तेथल्या तेथे वेगळी काढता येते. हे काम शिकविलेला नेत्र सहाय्यक करू शकतो. चौथी, ऊसतोडणीच्या करारात डोळ्याच्या दुखापतीसाठी घेतलेल्या दिवसाचा खाडा कापला जाऊ नये आणि तोडणीच्या वेळी वापरावयाचे साधे संरक्षक चष्मे कारखान्यांनी पुरवावेत.

यांतील पहिली गोष्ट शिक्षणसंस्था आणि कचेऱ्या एका परिपत्रकाने करू शकतात. उरलेल्या तिन्हींसाठी शासनाला आणि साखर कारखान्यांना थोडी इच्छा आणि थोडा पैसा लागेल. एका कमावत्या माणसाचा एक डोळा गेला तर त्याच्या कुटुंबाच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, हे ज्याला मांडून पाहावयाचे असेल त्याने अवश्य पाहावे. पट्ट्या, विजेऱ्या, चष्मे आणि माफ केलेले खाडे यांचा खर्च त्या बेरजेपुढे क्षुल्लक ठरेल. येत्या पावसाळ्यात साथ आली की पुन्हा या विषयावर चार दिवस चर्चा होईल. ती बाटल्यांपुरतीच राहू नये आणि ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तिला काही फळ यावे, एवढीच अपेक्षा आहे.